आईंचं रक्त पातळ ठेवण्याचं औषध कॅनडातल्या विंडसरहून आणावं का?

शेवंती | सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

दोन दिवस झाले, डोक्यातून हा विषय जात नाहीये. इथे कुणाला अनुभव असेल म्हणून विचारते.

आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, ६९ वर्षांच्या. ग्रीन कार्डवर येऊन त्यांना दोन वर्षं झाली, म्हणजे मेडिकेअरला (६५ च्या वरच्यांचा सरकारी विमा) अजून तीन वर्षं आहेत. मार्चमध्ये त्यांना धडधड आणि दम लागायला लागला, तपासणीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. ठोके अनियमित पडतात, हृदयात गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. कार्डिओलॉजिस्टने रक्त पातळ ठेवणारं एलिक्विस ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. सुरुवातीला क्लिनिकमधून सॅम्पल मिळाली, पहिला महिना कंपनीच्या योजनेतून फुकट झाला. आम्ही त्यांच्यासाठी घेतलेला इन्शुरन्स पाहुण्यांसाठी असतो त्या प्रकारचा आहे, जुन्या आजाराला त्यात एक पैसा मिळत नाही. ऑगस्टमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. तेव्हापासून महिन्याला ६०० डॉलरच्या वर रोख भरतोय.

ऑक्टोबरमध्ये औषध आणायला गेले तेव्हा आई माझ्या शेजारी उभ्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने आकडा मोठ्याने सांगितला. आई काही बोलल्या नाहीत.

परवा शनिवारी त्यांची आठवड्याची डबी भरायला घेतली. बाटली ३ तारखेला आणलेली, ६० गोळ्यांची. संपायला हवी होती. हातात घेतली तर खुळखुळली. ओट्यावर ओतून दोनदा मोजल्या, २६ गोळ्या शिल्लक. विचारलं तर म्हणाल्या, "सकाळची घेते गं रोज. रात्री तर काय, पडूनच असते मी. तेवढीच महिनाभर पुरवता येते." चार दिवस दोन घेतल्या आणि मग एकेकच.

मला रडूच आलं. त्यांना रागावणार तरी कशी?

विंडसर आमच्याकडून पाऊण तासावर आहे. तिथे हेच औषध जेनेरिकमध्ये मिळतं आणि किंमत कुठल्या कुठे खाली आहे, असं नवऱ्याच्या मित्राने सांगितलं. जाऊन आणता येतं का? कायद्याचं काय? तिथल्या औषधावर विश्वास ठेवावा का? कृपया ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

उंबरठा | ३ नोव्हेंबर, रात्री १०.०५

शेवंती, वाचून गलबलून आलं. आमच्या बाबांनीही बीपीच्या गोळीचे असेच अर्धे तुकडे केले होते, ते आम्हाला त्यांना चक्कर येऊन पडल्यावर कळलं. तुला वेळेत कळलं हे फार बरं झालं.

एक लगेच करण्यासारखं. एलिक्विसच्या कंपन्यांनी या सप्टेंबरपासून रोख पैसे भरणाऱ्यांसाठी थेट विक्री सुरू केली आहे, महिन्याला ३४६ डॉलर. त्यात इन्शुरन्सचा संबंध नाही, प्रिस्क्रिप्शन त्यांच्याकडे पाठवायचं, औषध घरी येतं. ३४६ सुद्धा कमी नाहीत, पण ६०० पेक्षा बरे.

औषधवाली | ३ नोव्हेंबर, रात्री ११.३०

मी ओहायोत फार्मसिस्ट आहे. सगळ्यात आधी आजच्या रात्रीचं. आईंना उद्यापासून पुन्हा सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या नेमाने सुरू करा. राहिलेल्या भरून काढायला एकदम दोन देऊ नका. कार्डिओलॉजिस्टच्या ऑफिसला सकाळी फोन करून महिनाभर एकच गोळी घेतली गेली हे स्पष्ट सांगा, लपवू नका. या औषधाचा अंमल १२ तासांच्या आसपास ओसरायला लागतो, म्हणून ते दोनदा घ्यायचं असतं. एक गोळी म्हणजे अर्धं संरक्षण असंही नाही, रात्री संरक्षण बरंच कमी झालेलं असतं. औषध अचानक तोडलं तर गुठळीचा धोका वाढतो, ही ताकीद एलिक्विसच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेली असते. फोनवर सॅम्पलही मागा, नवीन रुग्णांसाठीच असतात असं नाही.

आता किमतीचं. अपिक्साबॅन (एलिक्विसमधलं मूळ औषध) जेनेरिक स्वरूपात अमेरिकेत विकायला एफडीएने (इथली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०१९ मध्येच दोन कंपन्यांना मंजुरी दिली आहे. गोळी तयार आहे, तपासलेली आहे, मंजूर आहे. तरी ती दुकानात नाही, कारण पेटंटच्या खटल्यांमुळे १ एप्रिल २०२८ च्या आधी ती विकता येत नाही. कॅनडात मात्र जेनेरिक आधीच आलं. गोळीत फरक नाही, फरक आहे तो कागदांत. काउंटरच्या अलीकडे उभी राहून हे लोकांना समजावून सांगताना माझी जीभ अडखळते.

म्हणून सीमेपलीकडे जाण्यात अर्थ आहे तो अशाच औषधांना, ज्यांचं जेनेरिक इकडे अडकलेलं आहे. बाकीच्या जुन्या जेनेरिक गोळ्या बहुतेक वेळा अमेरिकेतच स्वस्त असतात. आईंना अ‍ॅम्लोडिपिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, मेटफॉर्मिन अशा बीपी, कोलेस्टेरॉल, मधुमेहाच्या गोळ्या असतील तर त्यासाठी पूल ओलांडू नका. २०२२ मध्ये सुरू झालेली उद्योजक मार्क क्यूबन यांची ऑनलाइन फार्मसी खरेदी किमतीवर १५ टक्के आणि वर ठरावीक फी घेते, तिथे किंवा कूपनवर या गोळ्या फार कमी पैशांत मिळतात.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १ नोव्हेंबरपासून मार्केटप्लेस इन्शुरन्सची (सरकारी व्यवस्थेतून घ्यायचा खाजगी विमा) नोंदणी उघडली आहे. ग्रीन कार्डवाल्यांना त्यात येता येतं, ६५ च्या वरच्यांनाही, मेडिकेअर लागू नसेल तर. जुन्या आजाराच्या नावाखाली ते नाकारू शकत नाहीत. १५ डिसेंबरच्या आत नोंदवलं तर १ जानेवारीपासून लागू होतं. खाजगी इन्शुरन्स असला की एलिक्विसचं कोपे कार्ड (आपल्या वाट्याच्या खर्चात कंपनीची सवलत) वापरता येतं, त्याने महिन्याचा खर्च १० डॉलरपर्यंतही खाली येतो. उत्पन्न या वर्षी कमी झालंय म्हणताय, तर हप्त्यात सवलत किती बसते तेही तपासा. म्हणजे प्रश्न मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरचा आहे.

वॉरफरिन हा स्वस्त पर्याय आहे, पण त्यात सारखी रक्ततपासणी आणि पालेभाज्यांचं प्रमाण सांभाळणं आलं. डाबिगाट्रान या अशाच दुसऱ्या औषधाचं जेनेरिक २०२२ पासून अमेरिकेत मिळतं. बदलायचं की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, किडनीचा रिपोर्ट बघून ते ठरतं. आपल्या मनाने बिलकुल नको.

शेवंती | मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

औषधवालीताई, तुमचे आभार कसे मानू. मार्केटप्लेसमध्ये आईंना येता येतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ६५ झाली की मेडिकेअर आणि ते नाही तर काहीच नाही, असंच धरून बसलो होतो. आज ९ वाजता क्लिनिकला फोन करते.

तिसरा_प्रहर | ४ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

एवढी यातायात कशाला? मी चार वर्षं एका कॅनेडियन ऑनलाइन फार्मसीतून औषध मागवतो. प्रिस्क्रिप्शन स्कॅन करून पाठवतो, तीन आठवड्यांत पाकीट दारात. एकदाही अडचण आली नाही.

औषधवाली | ४ नोव्हेंबर, दुपारी १.१०

तुमचं पाकीट कुठून येतं, त्यावरचा शिक्का बघितलात का कधी? एफडीएने २००५ मध्ये अशी पाकिटं उघडून पाहिली होती. 'कॅनेडियन' म्हणून विकलेल्या औषधांपैकी ८५ टक्के माल प्रत्यक्षात दुसऱ्याच २७ देशांतून आलेला होता. वेबसाइटवर मेपलचं पान लावायला परवाना लागत नाही. मी असं म्हणत नाही की तुमचं औषध खोटं आहे. कॅनडातल्या परवानाधारक फार्मसीकडून आलेलं औषध हेल्थ कॅनडाने (तिथलं सरकारी आरोग्य खातं) तपासलेलं असतं, त्यावर आठ अंकी डीआयएन (औषधाचा ओळख क्रमांक) असतो, तो त्यांच्या डेटाबेसमध्ये टाकून औषध, कंपनी, ताकद सगळं पडताळता येतं. तुमच्या पाकिटावर तो आहे का, एवढं आज बघा आणि इथे लिहा.

तिसरा_प्रहर | ४ नोव्हेंबर, रात्री ९.००

बघितलं. डीआयएन नाही. पाकीट सिंगापूरहून आलंय आणि गोळ्यांच्या पट्टीवर तुर्की भाषेत मजकूर आहे. चार वर्षांत हे मी पाहिलंच नव्हतं. औषध कोलेस्टेरॉलचं आहे, रिपोर्ट चांगले येतात म्हणून कधी शंका आली नाही. डॉक्टरांशी बोलतो. धन्यवाद.

कृष्णाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री १०.४५

मी विंडसरला औषधासाठी गेलेली आई आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलाला २०१६ मध्ये टाइप १ मधुमेह निघाला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आमची पॉलिसी मोठ्या डिडक्टिबलची, म्हणजे इन्शुरन्स लागू होण्याआधी बरीच रक्कम खिशातून भरायची. तेव्हा हुमालॉग या इन्सुलिनच्या एका बाटलीची छापील किंमत पावणेतीनशे डॉलरच्या घरात गेली होती. हीच बाटली १९९६ मध्ये २१ डॉलरला आली होती. बाटली तीच, आतलं औषध तेच. मुलाला महिन्याला दोन बाटल्या लागत, वाढीच्या वयात तीन.

पहिल्यांदा गेलो ती जानेवारीतली सकाळ होती. लोक म्हणतात कॅनडा वर, पण डेट्रॉइटहून विंडसर दक्षिणेला आहे, बोगद्यातून गेलं की पलीकडे. इन्सुलिनला कॅनडात प्रिस्क्रिप्शन लागत नाही, फार्मसिस्ट काउंटरच्या मागून काढून देतात. त्या बाईंनी मुलाला नाव विचारलं, कुठलं इन्सुलिन, किती युनिट, पंप की सुई, सगळं मुलालाच विचारलं. मग पाच बाटल्या समोर ठेवल्या. बिल बघून मला वाटलं एकाच बाटलीचं केलं. मी म्हटलं, पाच घेतल्यात. त्या म्हणाल्या, हो, पाचचंच आहे.

गाडीत बसून मी पावती परत परत वाचत होते. आनंद व्हायला हवा होता, पण घशात काहीतरी अडकलं होतं. त्याआधीचे पाच महिने मी स्वतःचा दातांचा इलाज पुढे ढकलत होते.

इन्सुलिन सापडलं ते विंडसरच्याच ओंटारिओ प्रांतात, टोरंटोत, १९२१ मध्ये. बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंट टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं, ते सगळ्यांना मिळावं म्हणून. रँड या संस्थेने २०१८ च्या किमती तपासल्या तेव्हा इन्सुलिनची सरासरी किंमत अमेरिकेत ९८.७० डॉलर निघाली आणि कॅनडात १२. मध्ये फक्त एक नदी.

२०१९ च्या जुलैमध्ये सिनेटर बर्नी सँडर्स मधुमेहाच्या रुग्णांची बस घेऊन डेट्रॉइटहून विंडसरला गेले, तेव्हा टीव्हीवाल्यांना ही वाट कळली. आमच्यासारखे त्याआधीच जात होते, गुपचूप, बर्फाच्या पिशव्या घेऊन.

आता आम्ही जात नाही. २०२३ मध्ये कंपन्यांनी किमती ७० टक्क्यांनी आणि त्याहूनही जास्त उतरवायचं जाहीर केलं, लिस्प्रोची (हुमालॉगमधलंच औषध) जेनेरिक बाटली २५ डॉलरला आली. मेडिकेअरवाल्यांना महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली. कंपन्यांना एकाएकी पान्हा फुटला म्हणून हे झालं नाही. २०२४ पासून मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) रिबेटचा, म्हणजे कंपन्यांनी सरकारला परत द्यायच्या पैशांचा नियम बदलणार होता, किंमत चढी ठेवली असती तर त्यांनाच उलटे पैसे भरावे लागले असते. आणि लोक रस्त्यावर आले होते. मिनेसोटातल्या अ‍ॅलेक स्मिथचं नाव त्या वेळी घराघरात पोचलं. २६ वर्षांचा मुलगा, आईच्या इन्शुरन्समधून वय वाढल्यामुळे बाहेर पडला आणि २०१७ मध्ये इन्सुलिन पुरवून पुरवून घेताना गेला. पुढे तिथल्या विधिमंडळाने त्याच्या नावाने कायदा केला.

शेवंती, तुझ्या आईंच्या २६ गोळ्यांचं वाचलं आणि मला तो आठवला. पुरवून घेणारा माणूस कधी सांगत नाही.

शेवंती | बुधवार, ५ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

कृष्णाकाठ, काय लिहू. मुलगा आता कसा आहे? बरा असू दे.

क्लिनिकमध्ये नर्सशी बोलले. त्यांनी आईंना लगेच बोलावून ईसीजी केला, रक्त घेतलं. डॉक्टर रागावले नाहीत. उलट म्हणाले, हे सांगायला येणारे तुमच्यासारखे थोडेच असतात, बाकीचे स्ट्रोक झाल्यावर येतात. दोन आठवड्यांची सॅम्पल दिली. विंडसरबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, मी सल्ला देऊ शकत नाही, पण प्रिस्क्रिप्शनची प्रत आणि रिपोर्ट मागितलेत तर मिळतील.

आता नेमकं काय लागतं ते कुणी सांगेल का? अमेरिकन प्रिस्क्रिप्शन तिथे चालतं?

कृष्णाकाठ | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

मुलगा आता १८ चा आहे, कॉलेजला गेला, उत्तम आहे.

अपिक्साबॅनला अमेरिकन प्रिस्क्रिप्शन चालत नाही. तिथल्या फार्मसीला कॅनडात परवाना असलेल्या डॉक्टरचंच प्रिस्क्रिप्शन लागतं. म्हणजे आधी विंडसरमधल्या वॉक-इन क्लिनिकमध्ये आईंना घेऊन जायचं, फी भरायची, डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं तर फार्मसीत. आईंशिवाय तू एकटी गेलीस तर उपयोग नाही. आधी फोन करून विचार, अमेरिकेतले रुग्ण घेतात का. सगळे घेत नाहीत. 'तुमचं प्रिस्क्रिप्शन पाठवा, आमचा डॉक्टर न बघता सही करेल' असं कुणी म्हणालं तर तिकडे फिरकू नकोस.

मुळामुठा | ५ नोव्हेंबर, रात्री ८.२०

एच-१बी वाल्यांसाठी टीप. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, उठून निघालो असं करता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. मेक्सिकोचं वेगळं आहे, चालू अमेरिकन व्हिसा असेल तर तिथला वेगळा व्हिसा लागत नाही.

औषधवाली | ५ नोव्हेंबर, रात्री ९.४५

कायद्याचं राहिलं होतं. सरळ सांगते, म्हणजे गैरसमज नको. बाहेरच्या देशातून सामान्य माणसाने प्रिस्क्रिप्शनचं औषध आणणं बहुतेक वेळा कायद्यात बसत नाही. कॅनडासाठी बनवलेली गोळी चांगली असली तरी एफडीएच्या लेखी ती मंजूर नसलेलीच. स्वतःच्या वापरासाठी, साधारण तीन महिन्यांपेक्षा कमी माल असेल तर सोडून देण्याची मुभा अधिकाऱ्यांना आहे. कागदावर तीसुद्धा अशा गंभीर आजारासाठी आहे ज्यावर इथे परिणामकारक उपचार नाही. आईंचं औषध इथे मिळतं, म्हणजे नियमाच्या अक्षराला ते धरून नाही. प्रत्यक्षात सीमेवर एक-दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या म्हातारीला सहसा अडवत नाहीत, पण अडवलं आणि औषध ठेवून घेतलं तर तक्रार करायला जागा नाही. हे समजूनच जा. विचारलं तर खरं सांगा, मूळ बाटली, पावती, प्रिस्क्रिप्शन हातात ठेवा. गोळ्या डबीत ओतून आणू नका.

आणि असं आणलेलं औषध डिडक्टिबलमध्ये धरलं जात नाही, एचएसएच्या (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) पैशांतूनही घेऊ नका.

लाल_माती | गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

मी कॅनडात व्हँकुव्हरजवळ राहते. इथली बाजूही मांडावीशी वाटते. शेवंतीताई, तुमच्यावर रोख नाही, तुमच्या जागी मीही हेच केलं असतं.

आमच्याकडे औषधं फुकट आहेत असा तिकडे समज आहे. तसं नाही. डॉक्टर आणि हॉस्पिटल फुकट, औषधाला नोकरीचा इन्शुरन्स किंवा प्रांताची योजना, नाहीतर खिसा. किमती कमी आहेत कारण १९८७ पासून पेटंटच्या औषधांच्या किमतीवर लक्ष ठेवणारं मंडळ आहे आणि २०१० पासून प्रांत एकत्र बसून कंपन्यांशी घासाघीस करतात. हे आम्हाला आयतं मिळालेलं नाही. आणि औषध येतं ते ४ कोटींच्या देशाला पुरेल एवढं. तुम्ही ३४ कोटी.

२०२३ च्या सुरुवातीला आमच्या ब्रिटिश कोलंबियात ओझेम्पिकची पंचाईत झाली. सरकारने आकडे काढले तर जानेवारी-फेब्रुवारीत प्रांतात विकल्या गेलेल्या ओझेम्पिकपैकी १५ टक्के अमेरिकनांकडे गेलं होतं, बहुतेक पोस्टाने, आणि त्यातली बरीचशी प्रिस्क्रिप्शन नोव्हा स्कोशिया प्रांताचा परवाना असलेल्या एकाच डॉक्टरची होती. माझ्या शेजारच्या आजोबांना मधुमेहासाठी ते लागतं. ते दोन फार्मसींतून हात हलवत परत आले होते. एप्रिलमध्ये नियम आला आणि पोस्टाने पाठवणं बंद झालं. स्वतः येऊन, समोर उभं राहून घेणाऱ्याला बंदी नव्हती, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. एक आजी येऊन दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेली तर कुणाचं काही अडत नाही. ट्रक भरून जाणार असतील तर अडतं.

गोदावरी_वाळू | ६ नोव्हेंबर, दुपारी २.००

ट्रकांचीच तर योजना आहे. अमेरिकन संसदेने २००३ च्या मेडिकेअर कायद्यात कॅनडाहून घाऊक आयातीची तरतूद केली, पण आरोग्यमंत्र्याने सुरक्षित आहे असं प्रमाणित करण्याची अट घातली. ते प्रमाणपत्र २०२० पर्यंत एकाही मंत्र्याने दिलं नाही. दिल्यावर दोन महिन्यांत कॅनडाने आदेश काढला की आमच्याकडे तुटवडा होणार असेल तर निर्यात नाही. जानेवारी २०२४ मध्ये फ्लोरिडाला परवानगी मिळाली, मोठी बातमी झाली. पण औषध द्यायला पलीकडचा कुणी तयार हवा ना.

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते. युटा राज्याने आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांना महागडी औषधं आणायला विमानाने सॅन दिएगोला आणि तिथून तिहुआनाला पाठवलं, वर प्रत्येक फेरीला ५०० डॉलर हातात दिले. आणि तरीही राज्याचे पैसे वाचले! किंमत कुठल्या थराला गेली आहे याचा पुरावा आणखी कुठला हवा? मेडिकेअर जानेवारी २०२६ पासून एलिक्विस २३१ डॉलरला घेणार आहे. वाटाघाटी केल्या, भाव उतरला. तेच ज्याला इन्शुरन्स नाही त्याने सगळ्यात जास्त भरायचं, हा कुठला न्याय.

जाईजुई | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०

भारतातून का नाही मागवत? तिथे अपिक्साबॅन अगदी स्वस्त आहे. आमच्याकडे कुणीही आलं की बॅगेत सहा महिन्यांची औषधं असतातच.

औषधवाली | ६ नोव्हेंबर, रात्री ८.४०

नियम तोच, देश कुठलाही असो. भेटीला येणाऱ्या आईवडिलांनी ९० दिवसांपर्यंतची स्वतःची औषधं मूळ वेष्टनात, इंग्रजीतल्या प्रिस्क्रिप्शनसह आणावीत. त्यांचा मुक्काम जास्त असेल तर पुढची औषधं डॉक्टरांच्या पत्रासह, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडून पोस्टाने मागवता येतात. हे बऱ्याच जणांना माहीत नाही. शेवंतीच्या सासूबाई मात्र इथल्या रहिवासी आहेत, त्यांना ही सोय लागू नाही.

दुसऱ्यासाठी बॅगेतून आणताना फार काळजी घ्या. ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, कोडीनचं खोकल्याचं औषध ही इथे नियंत्रित औषधं आहेत, त्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. निमेसुलाइड हे दुखण्यावरचं औषध इथे कधी मंजूरच झालेलं नाही. आणि ब्रँडच्या नावावर जाऊ नका. फ्लोमॅक्स हे अमेरिकेत प्रोस्टेटचं औषध, इटलीत त्याच नावाने वेदनाशामक विकलं जातं. नेहमी आतल्या औषधाचं नाव वाचा.

मुळामुठा | ६ नोव्हेंबर, रात्री ९.१५

मेक्सिकोचा विषय मी काढला म्हणून भर घालतो. अ‍ॅरिझोनात युमाजवळ सीमेपलीकडे लॉस अल्गोदोनेस नावाचं छोटं गाव आहे, दंतवैद्य आणि फार्मसींनी भरलेलं. थंडीत म्हातारी माणसं रांग लावून चालत जातात, मी चष्मा आणि दातांसाठी गेलोय. पण वेदनाशामक किंवा अ‍ॅडेरॉल पर्यटकांच्या गावातल्या फार्मसीतून चुकूनही घेऊ नका. २०२३ मध्ये तपासणीत अशा सुट्या गोळ्यांत फेंटानिल आणि मेथ ही घातक अमली द्रव्यं सापडली, परराष्ट्र खात्याने इशारा दिला.

शेवंती | रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी ४.१०

काल जाऊन आलो. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून जसं झालं तसं सांगते.

तीन क्लिनिकना फोन केले. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने शनिवारी सकाळी या म्हटलं. आईंचा नवीन रक्ताचा रिपोर्ट, ईसीजी, कार्डिओलॉजिस्टचं पत्र आणि मूळ प्रिस्क्रिप्शन घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघितलं, वजन केलं, हिरड्यांतून रक्त येतं का, अलीकडे पडलात का, वेदनेसाठी काही घेता का असं विचारलं. आई गुडघ्यासाठी अधूनमधून आयबुप्रोफेन घेतात हे आम्हालाही तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाले, ते आजपासून बंद, या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. नुसत्या तेवढ्यासाठी गेलो असतो तरी फेरी फुकट गेली नसती.

मी तीन महिन्यांचं मागितलं. त्यांनी दोन महिन्यांचंच दिलं, म्हणाले जानेवारीत तुमचा इन्शुरन्स लागतोय ना, मग तुमच्याच डॉक्टरांकडे जा. मला ते पटलं. फार्मसीत ६० गोळ्यांना फीसकट पन्नास कॅनेडियन डॉलरच्या आत पडले. क्लिनिकची फी धरूनसुद्धा दोन महिन्यांचा खर्च इथल्या एका महिन्याच्या अर्ध्यावर आला नाही.

परतताना सीमेवरच्या अधिकाऱ्याने काय आणलं विचारलं. औषध आणलं सांगितलं. बाटल्या बघितल्या, आईंकडे बघितलं, कुणाचं आहे विचारलं. आईंनी स्वतःच "माय हार्ट" म्हणून छातीवर हात ठेवला. त्याने बाटल्या परत दिल्या. पण आमच्या पुढच्या गाडीला बाजूला घेतलं होतं, म्हणजे प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणणार नाही.

मार्केटप्लेसचा अर्ज भरला आहे. नवऱ्याची नोकरी नसल्याने हप्त्यात सवलत बसते आहे, प्लॅन निवडताना एलिक्विस त्यांच्या यादीत आहे ना ते आधी बघितलं.

घरी आल्यावर पावती आईंना दाखवली. आकडा वाचून म्हणाल्या, "मग रात्रीची घ्यायला हरकत नाही." आता सकाळची त्या घेतात, रात्री ८ ची मी हातावर ठेवते.

औषधवाली | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

आयबुप्रोफेनचं कळलं हे फार मोठं काम झालं. गुडघ्यासाठी काय द्यायचं ते कार्डिओलॉजिस्टला विचारा, मनाने दुसरं काही सुरू करू नका. बाटलीवरचा डीआयएन पडताळलात का?

शेवंती | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२५

हो, दोन्ही बाटल्यांचा. हेल्थ कॅनडाच्या साइटवर टाकला, अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, कंपनीचं नाव जुळलं. गोळी दिसायला थोडी वेगळी आहे, त्यामुळे आई गोंधळू नयेत म्हणून जुन्या उरलेल्या आणि सॅम्पलच्या गोळ्या आधी संपवून मगच या उघडणार आहे. दोन्ही एका डबीत ठेवणार नाही.

औषधवाली | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४०

अगदी बरोबर. १५ डिसेंबर विसरू नका, पहिला हप्ता भरल्याशिवाय प्लॅन सुरू होत नाही.